गंगाधरमामांची आंघोळ

गंगाधरमामांनी मला घरात घेतलं, म्हणून मी आहे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून. बाकीचं सांगत बसलो आणि हेच राहून गेलं, असं नको.

पूर्णेत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडं आणतात. ते आतली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरून देतात. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात, मामा म्हणतो तो परक्यांत मी एकटाच. नाव मी बदललंय, दुकानही थोडं इकडचं तिकडं केलंय. लिहू का म्हणून फोनवर विचारलं तर म्हणाले, "लिही. फक्त लोक मला बघायला यायला नकोत. मोटार घेऊन आले तर येऊ दे."

मी सध्या गुजरातेत, मोरबीकडं टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मूळचा मानवत तालुक्यातला. आठवीनंतर शाळा सोडली, कारण नववीपासून पोरींना ओढणी होती, आणि घरानं मला पोरगी म्हणून वाढवलं होतं. मी पोरगी नव्हतो. माझ्याबद्दल एवढं पुरे. मामाही तसेच. जन्माला बाई म्हणून आले आणि राहिले बाप्या म्हणून. पण ते मला लगेच कळलं नव्हतं.

घरात माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी निघून पूर्णेला आलो आणि एका डाळ मिलमध्ये कामाला लागलो. मिलची मोटार जळाली, ती मिस्तरीकडं पोचवायला मुकादमानं मला पाठवलं. अंगात शर्ट-पँट, केस कापलेले, आणि आवाज जो होता तो. दुकानात दोन-तीन शेतकरी बसलेले. त्यातला एक मला खालून वर बघत मोठ्यानंच म्हणाला, "मिस्तरी, हे बाई हाय का बाप्या?"

मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मोटार कोणाची हाय ते विचार. बाकीचं कामून पाहिजे तुला? सोयरीक जमवायचीय का?"

सगळे हसले, तो माणूससुद्धा हसला. मग मामा मला म्हणाले, "बस रे. चहा येऊ लागलाय."

लोक गेल्यावर विचारलं, राहतोस कुठं. मी सांगितलं, मिलच्या पत्र्याच्या खोलीत, बायांसोबत. ते थोडा वेळ तारच गुंडाळत राहिले. "बायांला अडचण होत असंल," म्हणाले, "तुला बी." दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन त्यांच्याकडं गेलो. घर दुकानाच्या मागंच, दोन खोल्यांचं. मामांनी एक खोली रिकामी करून ठेवली होती. महिनाभर गेल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "मी बी तुझ्याच गावचा हाय."

मी म्हटलं, "तुमी तर येलदरीकडचे ना?"

"त्या गावाचं न्हाई म्हणालो," म्हणाले, आणि भाकरी मोडायला लागले. तेव्हा मला कळलं.

मामा बुटके, रुंद, मिशा जाड आणि पिकलेल्या. बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटण लावलेलं, मे महिन्यातसुद्धा. घामानं पाठ चिकटायची पण बाही वर चढायची नाही. दुकानात एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर गिऱ्हाईक बसायचं, मामा पाटावर. तोंडात तंबाखू. बोलायच्या आधी ती गालात सरकवायचे, म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य थोडं उशिरा यायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की माणूस फार विचार करून बोलतोय.

लोकांत चालतं ते नावही गंगाधरसारखंच जुनं, आणि ते त्यांनी स्वतः घेतलेलं. मी एकदा विचारलं की एवढं म्हाताऱ्याचं नाव कामून घेतलं, राहुल-बिहुल काही घ्यायचं. म्हणाले, "नव्या नावाला लोक विचारतात, कोणी ठेवलं? असल्या नावाला कोणी विचारत न्हाई. वाटतं आज्याचं आलं असंल."

छातीचं ऑपरेशन त्यांनी फार पूर्वी करून घेतलं होतं. इंजेक्शनं तर तेव्हापासूनच चालू, त्यानं दाढीमिशा आल्या, आवाज जाड झाला. खालचं काही केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता. मी नवा होतो, मोबाइलवर नाही नाही ते बघायचो, आणि त्यांना विचारायचो की मामा, खालचं पण होतं म्हणे, तुमी कामून न्हाई केलं? त्यावर त्यांचं एकच उत्तर. मोटारीबद्दल, बसच्या ड्रायव्हरबद्दल, शेजाऱ्याच्या संसाराबद्दल, सगळ्याबद्दल ते हेच म्हणायचे: "चालू हाय ना? मग छेडू नको."

पण ते चालू कसं होतं ते मी बघत होतो. दुकान टाकलं तेव्हा त्यांनी शटरच्या आधी मागं संडास बांधून घेतला होता. रस्त्यावरचे सगळे भिंतीला उभे राहायचे, आणि मिस्तरीला मात्र दार लागायचं, कडी लागायची. लोक चेष्टा करायचे. मामांनी मग उठवून दिलं की आपल्याला मूतखडा आहे, उभं राहून जमत नाही, डॉक्टरनं बसायला सांगितलंय. लोकांना ते पटलं. बाहेर कुठं गेले की पाणी प्यायचे नाहीत. लग्नात नाही, बाजारात नाही, खेड्यात मोटार बसवायला गेले तर दिवसभर नाही. ओठ सुकून पांढरे पडायचे. अशी कितीतरी वर्षं काढली, आणि मग खरोखरचाच मूतखडा झाला. पहिल्यांदा कळ आली तेव्हा फरशीवर गडाबडा लोळत होते, आणि त्यातही मला म्हणतात, "बघ, मी काय लोकान्ला खोटं सांगितलं न्हाई."

त्यांच्या घरचं फक्त एक माणूस यायचं. धाकटी बहीण, परभणीत दिलेली. ती सासरी काहीतरी सांगून, वर्षातून एखाद्या वेळी, लहान पोराला घेऊन यायची. एकदा दुकान भरलेलं असताना ते पोरगं आत पळत आलं आणि ओरडलं, "मावशी, मला पंखा फिरवून दाखव!"

एका शेतकऱ्यानं विचारलंच, "मावशी?"

मामांनी तंबाखू गालात सरकवली. "मावशीवानी लाड करतो ना मी त्याचे," म्हणाले, "म्हणून शिकवलंय त्याच्या मायनं."

तो शेतकरी म्हणाला, "असली मावशी आमच्या पोरान्ला बी द्या राव. मोटार फुकट भरून मिळंल."

सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसले. पण बहिणीनं धसका घेतला. पुढच्या वेळी आली तेव्हा पोराला मामा म्हणायला शिकवून आणलं होतं, चापट मारून शिकवलं असणार, कारण ते पोरगं मामांच्या जवळच येईना. आईच्या पदरामागं उभं राहून नुसतं बघायचं. मामांनी खिशातून गोळ्या काढल्या, पंखा फिरवून दाखवला, तरी नाही. ती दोघं बसमध्ये बसून गेल्यावर मामा म्हणाले, "मावशीच बरं होतं रे. जवळ तरी यायचं."

आता ज्या गोष्टीपासून सगळं बदललं ती सांगतो.

शेजारी लेथ मशीनवाले एक काका होते. मामांचे जुने दोस्त, दोघं मिळून चहा प्यायचे आणि दोघं मिळून सरकारला शिव्या द्यायचे. थंडीच्या दिवसांत एका सकाळी काका गेले. शेजारी म्हणून मामा सगळ्यात आधी. लाकडं, मडकं, बांबू, सगळं त्यांनीच बघितलं. मग आंघोळीची वेळ झाली. आमच्याकडं बाप्या असेल तर बाप्ये आंघोळ घालतात, बाई असेल तर बाया, पडदा धरून. काकांना अंगणात पाटावर बसवलं, मागून दोघांनी धरलं. मामांच्या हातात गरम पाण्याचा तांब्या. कोणीतरी काकांचं धोतर सोडलं. त्यांच्या मुलाला ते बघवेना, त्यानं तोंड फिरवलं, तर एक म्हातारा म्हणाला, "आता लाज कशाची? मेलेल्या माणसाला काय लाज अस्ती का?"

मामांनी पाणी घातलं. शेवटपर्यंत घातलं. मसणवाट्यातून आले, आंघोळ केली, आणि दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मी ताट पुढं केलं तेव्हा म्हणाले, "मी मेलो की हेच लोक येतील. हाच म्हातारा माझी कापडं सोडंल."

मी म्हटलं, "मेल्यावर माणसाला काय कळतंय मामा?"

"मला न्हाई कळणार. त्यांला कळंल ना. मग पळतील बायान्ला बोलवायला. मग बाया येतील, साडी नेसवतील, हातात बांगड्या घालतील, कपाळ भरतील. एवढी जिंदगी काढली मी ह्या रस्त्यावर. शेवटी त्या म्हाताऱ्याच्या तोंडात काय राहील? मिस्तरी बाई होती."

हे काही मनाचे खेळ नव्हते. त्यांच्या मोठ्या भावानं एकदा दुकानावर येऊन सांगितलं होतं. मी तेव्हा मागच्या खोलीत होतो, सगळं ऐकू आलं. "तू जित्तेपणी काय कर ते कर, आमी बोलत न्हाई. पण मेल्यावर तुझी माती आमच्या हातानं, गावात, आन् बाई म्हणूनच व्हईल. मायच्या पोटाला बट्टा नको." मामा भावाला चहा पाजून एसटीत बसवून आले होते.

तर त्या लेथवाल्या काकांच्या मातीनंतर मामांनी खालच्या ऑपरेशनचा विचार सुरू केला. जो माणूस छेडू नको म्हणायचा तो मला मोबाइल पुढं करून म्हणायला लागला, "हे काय लिहिलंय, वाच बरं." मी अडखळत वाचायचो. इंग्रजी नावं मला वाचता यायची नाहीत, मग आम्ही चित्रं बघायचो. मामा चष्मा लावून चित्राकडं मोटारीच्या आत बघतात तसं बघायचे. मी त्यांना म्हटलं, मामा, लोक हे जगण्यासाठी करतात. ते म्हणाले, "जगायचं माझं भागलं. मला मरायला पाहिजे."

आम्ही रेल्वेनं हैदराबादला गेलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. डॉक्टर भला माणूस होता, हिंदीत बोलायचा, हळू बोलायचा, आणि मामांना "गंगाधरजी" म्हणायचा. त्यानं सगळं सांगितलं. एक मोठं ऑपरेशन, त्यात हाताचं कातडं शिरांसकट काढून त्याचं लिंग बनवतात. आधी गर्भाची पिशवी काढायची, मग ते, मग पुन्हा एक-दोन वेळा टेबलावर यायचं. लघवीची वाट गळू शकते, बंद पडू शकते, पुन्हा उघडावं लागतं. दुसरं लहान ऑपरेशन, इंजेक्शनांनी जे थोडं वाढलेलं असतं तेच मोकळं करून पुढं आणायचं. त्यात धोका कमी, पण दिसायला लहानच राहतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धुणाऱ्या माणसाला वळखू येणार न्हाई, असं कोणतं?"

डॉक्टरला कळेना. "कोण धुणार?"

"मेल्यावर जे धुतात ते."

मी हिंदीत समजावून सांगितलं, माझी हिंदी तेव्हा आणखीच वाईट होती. डॉक्टर मागं टेकून बसला. म्हणाला, माझ्याकडं लोक येतात ते उभं राहून लघवी करता यावी म्हणून येतात, बायकोसाठी येतात, आरशात बघवत नाही म्हणून येतात. ह्यासाठी आलेले तुम्ही पहिलेच. मग म्हणाला, असं असेल तर मोठंच लागेल. हात दाखवा.

मामांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो हात पहिल्यांदा बघितला. कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण. तुळशीवृंदावन, दोन मोर, आणि मोठ्या अक्षरात नाव. लहानपणी आईनं जत्रेत गोंदून घेतलेलं, पोरीच्या हातावर गोंदतात तसं. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

डॉक्टर हिंदी बोलायचा, पण आपली अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. म्हणाला, गोंदणाची काही अडचण नाही, कातडं तेच घेऊ.

मामांना आधी समजलं नाही. मग समजलं. "म्हंजे मायनं ठिवलेलं नाव तिथं जाणार?" आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला, डॉक्टरही हसायला लागला, का ते न कळता. मला भीती वाटायला लागली की आता हे थांबणार नाहीत. "त्या म्हाताऱ्याला वाचता येतंय रे," मामा मला म्हणाले, "तो वाचूनच दाखवील सगळ्यांला!"

मग डॉक्टरनं त्या हाताचं मनगट दोन्ही बाजूंनी दाबून धरलं. मूठ उघडा, मिटा म्हणाला. तळहात पांढरा पडला. एका बाजूचं बोट त्यानं उचललं. रक्त परत यायला पाहिजे होतं. तळहात पांढराच राहिला. आम्ही तिघंही त्या हाताकडं बघत बसलो. डॉक्टर म्हणाला, तुमच्या ह्या हाताला एकच शीर रक्त पुरवतेय, दुसरी कामाची नाही. ती एक मी काढून घेतली तर हात जाईल.

"उजव्याचं घ्या," मामा म्हणाले.

डॉक्टरनं उजवा दाबून बघितला. तो चांगला होता. पण त्यानं विचारलं, काम काय करता? मामांनी बोटं हलवून तार गुंडाळून दाखवली. डॉक्टर म्हणाला, ही बोटं पुन्हा अशी चालतील याची मी खात्री देत नाही.

"घ्या," मामा म्हणाले. "मिस्तरी म्हणून मरतो. काम न्हाई केलं तरी मिस्तरीच म्हणतील."

डॉक्टरनं लगेच हो म्हटलं नाही. म्हणाला, मांडीचंही कातडं घेता येतं, तेही बघू, पण आधी तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूनं शिरा आखडतात, लावलेलं कातडं मरून जातं. आणि रक्तातली साखर खाली आणा. मग या.

जाता जाता त्यानं माझ्याकडं बघून मामांना विचारलं, आणि यांचं काय? मामा म्हणाले, "हा आजून बघायलाय." खरंच होतं. मी अजूनही बघतोच आहे. कधी वाटतं करावं, कधी त्या चित्रांनी झोप उडते.

मामांनी तंबाखू सोडली. ज्यांनी त्यांना आधी बघितलं नाही त्यांना ह्याचा अर्थ कळणार नाही. पहिले काही दिवस ते कुणाशी नीट बोललेच नाहीत, कारण गालात सरकवायला काही नव्हतं, वाक्य सुरू कुठून करायचं तेच त्यांना कळेना. बडीशेप खाल्ली, लवंग धरली, एकदा तर तांब्याच्या तारेचा तुकडा दातात धरून बसलेले मी बघितले. शेजारच्या चहाच्या हॉटेलवाल्या युसूफभाईंनी विचारलं, "क्या मिस्तरी, मन्नत मांगे क्या?" मामा म्हणाले, "हाव. लय मोठी." चहातली साखर गेली, भात गेला, सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाणं सुरू झालं. त्या दिवसांत ते मला तरुण दिसायचे. रस्त्यानं चालताना मान वर असायची. मी असा माणूस तोपर्यंत बघितला नव्हता, जो मरणाच्या तयारीनं इतका टवटवीत झाला.

म्हणून दुसऱ्या वेळचं हैदराबाद मला आठवायलाच नको वाटतं. साखर थोडी उतरली होती. तंबाखू खरोखर सुटली होती, डॉक्टरनं शाबासकी दिली. पण रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं बिघडलेली निघाली. मूतखड्यांनी, साखरेनं, आणि इतकी वर्षं पाणी न पिता, लघवी दाबून काढल्यानं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि मान हलवली. इतक्या तासांचं ऑपरेशन ह्या शरीराला झेपणार नाही.

मामा म्हणाले, "लहान तरी करा."

डॉक्टर म्हणाला, तेही नाही गंगाधरजी. मी तुमच्यावर सुरी लावणार नाही. तुम्ही जगावं म्हणूनच नको म्हणतोय.

मामांनी बाहीचं बटण लावलं, नमस्कार केला आणि उठले. परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ज्याच्यापायी पाणी प्यालो न्हाई, त्याच्यापायीच ते हुकलं." मग आणखी थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तू करशील तर जित्तेपणासाठी कर. लवकर कर. न्हाई करायचं तर नको करू. पण माझ्यावानी लोकांच्या डोळ्यांसाठी करू नको." नांदेड स्टेशनावर उतरून त्यांनी तंबाखूची पुडी घेतली. मी अडवलं नाही.

त्यानंतर ते ह्या विषयावर फक्त एकदा बोलले, आणि तेही युसूफभाईंशी. युसूफभाईंना मामांचं काही माहीत नाही, त्यांना वाटतं मिस्तरी लाजाळू आहे. त्यांच्या नात्यातलं कोणी वारलं होतं, ते मय्यतीहून आले होते. मामांनी विचारलं, तुमच्यात आंघोळ कशी घालतात हो? युसूफभाई म्हणाले, "चादर टाकते ना उप्पर से. चादर के अंदर से धोते. देखना मनाच है."

मामा सरळ होऊन बसले. "बघतच न्हाईत?"

"नाही बाबा. मुर्दे की भी इज्जत रहती."

"लय बरं हाय तुमच्यात," मामा म्हणाले. "मी होऊ का मग मुसलमान?"

"पैले नमाज तो सीखो," युसूफभाई म्हणाले. "उठते नऊ बजे, चले जन्नत को!"

दोघं खूप हसले. मी कप धुवायच्या निमित्तानं आत गेलो.

मला मोरबीला यायला मामांनीच लावलं. डाळ मिल बंद पडली होती, माझा भाऊ मला शोधत पूर्णेपर्यंत येऊन गेला होता, आणि मामांना माझी फिकीर लागली होती. इथल्या एका ठेकेदाराची गावाकडची मोटार कधीकाळी त्यांनी भरली होती, त्याच्याशी बोलून त्यांनीच ठरवलं. निघायच्या दिवशी स्टेशनवर आले. बाकावर बसले, आणि बसल्या बसल्या डाव्या पायातली चप्पल काढली. पाय सुजलेला होता. अंगठ्याला चिंधी बांधलेली, चिंधीतून पाणी आल्यासारखा ओला डाग. मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी पाय पटकन बाकाखाली घेतला.

"मामा, हे कधीपासून?"

"चप्पल चावली. तू गाडी बघ, गाडी."

गाडी आली. मी चढलो, दारात उभा राहिलो. मला वाटलं ते दारापर्यंत येतील. आले नाहीत, बाकावरच बसून राहिले. गाडी हलली तेव्हा खाली वाकून चपलेत पाय घालायला लागले. पाय चपलेत जाईना. ते पुन्हा पुन्हा घालत होते. तेवढंच बघितलं मी. मग मालगाडी आडवी आली.

आता आम्ही फोनवर बोलतो. पायाचं विचारलं की म्हणतात बरं हाय. आवाजावरून मला कळतं की बरं नाही. अनोळखी नंबर दिसला की मी हातातलं पॅकिंग सोडून बाहेर पळतो. माझा नंबर मी युसूफभाईंना देऊन ठेवलाय. त्यांना एवढंच सांगितलंय, की मामांना काही झालं तर आधी मला फोन करा, गावी त्यांच्या भावाला नंतर. त्यांनी विचारलं, कामून? मी म्हटलं, करा फक्त. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी हिशोब मांडून बघितलाय. इथून पूर्णा लांब आहे. गाड्या बदलाव्या लागतात. तिकडं मातीसाठी कोणी एवढं थांबत नाही, दुपारच्या आत उरकतात. त्यांचा भाऊ गाडी करून आधी पोचेल. मला हे सगळं माहीत आहे.

तरी लिहून ठेवतो. मामा, तुम्ही केलेलं मी एक दिवस फेडीन. पाणी मी घालीन. कोणी अडवलं तर सांगीन की मी घरचाच आहे. गाडी उशिरा असली तर वाटेतूनच फोनवर भांडत येईन, शिव्या देईन, पाया पडेन, पण लोकांना थांबवून ठेवीन. तुम्ही फक्त मी यायच्या आधी जाऊ नका.